पवनचक्कीला लष्कराची ना हरकत कशाला?

मागच्या अंकात पठारावरच्या जमिनी पवनचक्की कंपन्यांना भाडेपट्ट्यानं देण्याबद्दल एका वकिलांचा लेख आला होता. 'संरक्षण खात्याची ना हरकत आल्याशिवाय व्यवहार पक्का धरू नये' अशी एक ओळ त्यात होती. त्या ओळीवर पत्रं आली आणि संपादकांनी तो गठ्ठा माझ्याकडे ढकलला, कारण मी हवाई दलात रडार फिटर होतो, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता राजारामपुरीत पेन्शन खातोय. आधीच सांगून ठेवतो. आपलं कुठलं रडार कुठं आहे आणि त्याचा पल्ला किती, हे कुणी विचारू नका. जे जगभर उघड छापून आलंय आणि जे भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे, तेवढंच इथं लिहिणार.

आमच्या पठारावर कित्येक वर्षांपासून पवनचक्क्या फिरताहेत. आता नव्या कंपनीचा एजंट येतोय. म्हणतो, जुन्यापेक्षा लई मोठं मशीन बसवायचंय, पण मिलिटरीची परवानगी अडकलीय, तोवर इसार देता येत नाही. आमच्याकडं ना छावणी, ना विमानतळ. भाव पाडायला हा गडी थापा मारतोय का?
— एक शेतकरी, शिराळा तालुका

थाप असूही शकते, एजंट लोकांची मला खात्री नाही. पण कारण मात्र खरं आहे, आणि ते तुमच्याच वाक्यात आहे: 'जुन्यापेक्षा लई मोठं'.

गुढे-पाचगणी काय, चाळकेवाडी-वनकुसवडे काय, तिथं सुरुवातीला बसलेली यंत्रं आजच्या मानानं बुटकी. आता जी यंत्रं येतात त्यांच्या मनोऱ्याची उंची १४० मीटरपर्यंत जाते आणि पात्यांच्या चक्राचा व्यास १२० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. म्हणजे पातं सरळ वर उभं राहिलं की त्याचं टोक २०० मीटरवर. रडारच्या किरणाला पृथ्वीची गोलाई आडवी येते, त्यामुळं उंच वस्तू लांबून दिसते आणि बुटकी वस्तू क्षितिजाखाली लपते. याचा हिशोब आम्हाला ट्रेनिंगमध्ये तोंडपाठ करायला लावायचे: उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा, ४.१२ नं गुणा, किलोमीटर मिळतात. अँटेनाचे आणि वस्तूचे वेगवेगळे काढून बेरीज करायची. सपाट प्रदेशात ९ मीटरवर अँटेना धरा. ७० मीटरचं टोक त्याला साधारण ४७ किलोमीटरवरून दिसेल. २०० मीटरचं टोक ७० किलोमीटरवरून. आणि तुमचं तर पठार. खालच्या मुलखापेक्षा शेकडो मीटर उंच जागेवर ही काठी उभी राहणार. तेव्हा छावणी गावात नाही म्हणून प्रश्न मिटत नाही. रडारला दिसतं का, एवढाच प्रश्न असतो.

बरं, दिसलं तर काय बिघडलं? डोंगर दिसतात, मोबाईलचे टॉवर दिसतात, साखर कारखान्याचं धुराडं दिसतं. त्यांचं काही वाटत नाही, कारण ते हलत नाहीत. रडार लहर सोडतं, ती वस्तूवर आपटून परत येते. वस्तू आपल्याकडं येत असेल किंवा लांब जात असेल, तर परत आलेल्या लहरीची वारंवारता किंचित बदललेली असते. हा डॉप्लर परिणाम. जे स्थिर ते गाळून टाकायचं आणि जे हलतं ते दाखवायचं, यावर हवाई संरक्षणाचं निम्मं काम चालतं. आता १२० मीटर व्यासाचं चक्र मिनिटाला १३ फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी २९० किलोमीटरच्या वर पळत असतं. हेलिकॉप्टरचा वेग तोच. रडारला कसं कळणार की ही वस्तू पळतीय पण पोचत कुठंच नाही?

पश्चिमेकडच्या एका ठाण्यावर मी हे पडद्यावर पाहिलंय. दुपारी सगळं शांत असायचं. ऊन उतरलं, वारा सुटला, की एका बाजूच्या पट्ट्यात ठिपके उमटायला लागायचे. फिरती रेषा पहिल्यांदा गेली की तीन ठिपके, पुढच्या फेरीत पाच, त्याच्या पुढच्या फेरीत त्यातले दोन गायब आणि शेजारी नवीन दोन. पातं रडारकडं कोणत्या कोनात असेल त्यावर हे ठरतं. स्कोपवर बसलेला नवा पोरगा असेल तर तो खुर्चीत पुढं सरकायचा. जुना असेल तर त्या पट्ट्याकडं बघणंच सोडून द्यायचा. मला भीती या जुन्याची वाटायची.

तुमच्यापुरतं सांगायचं तर एजंटला दोन कागद मागा. ना हरकतीसाठी केलेल्या अर्जाची पोच, आणि त्या अर्जात तुमच्या गटाचे अक्षांश-रेखांश व यंत्राची टोकापर्यंतची उंची लिहिलेलं पान. अर्जच गेला नसेल तर 'अडकलीय' कशी म्हणतो, ते त्याच्या तोंडावर विचारा. आणि परवानगी येईस्तोवर जमीन बांधून ठेवायची असेल तर त्या काळाचं भाडं वेगळं लावा. फुकटात सातबारा अडकवू नका.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पवनचक्क्यांची जागा कायमची ठरलेली असते. मग सॉफ्टवेअरमध्ये तेवढ्या जागा मार्क करून ठिपके पुसून टाकले की झालं. एआयच्या जमान्यात हा प्रॉब्लेम शिल्लक कसा राहतो?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

बाळा, पुसता येतं. पुसतातही. पण पुसलं म्हणजे तिथं भोक पडलं. बरीच जुनी टेहळणी रडारं दिशा आणि अंतर सांगतात, उंची सांगत नाहीत. म्हणजे पवनचक्कीची जागा पुसली की तिच्या डोक्यावरून तीन हजार मीटरवर जाणारं विमानही त्याच जागेत पुसलं जातं. एक यंत्र असेल तर विमान एका बाजूनं शिरून दुसरीकडून बाहेर येईल, ट्रॅक, म्हणजे त्याच्या ठिपक्यांचा माग, जुळवता येईल. शंभर यंत्रांचं रान असेल तर आत गेलेलं विमान बाहेर येईपर्यंत वळलं का, उतरलं का, दोनाचे चार झाले का, काही कळत नाही.

मधला मार्ग असा काढतात की त्या पट्ट्यात नवीन ट्रॅक आपोआप उघडायचाच नाही, बाहेरून चालत आलेला ट्रॅक तेवढा पुढं न्यायचा. खोट्या ट्रॅकांचा पूर थांबतो. पण शत्रू त्या पट्ट्यातच खालून वर उगवला तर? हा प्रश्न परीक्षेत विचारत नाहीत, ड्यूटीवर विचारतात.

दुसरी गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात असेल: सीफार, म्हणजे खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण कायम ठेवायची पद्धत. आजूबाजूला जेवढा गोंगाट, तेवढा रडार आपला उंबरठा आपोआप वर नेतं, नाहीतर खोट्या इशाऱ्यांनी पडदा भरून जाईल. पवनचक्क्यांच्या भोवती हा उंबरठा चढतो, आणि जवळून जाणारं छोटं लक्ष्य त्याच्या खाली राहतं. खासबाग मैदानात कुस्ती रंगात आलीय, हलगी कडाडतीय, आणि शेजारचा तुमच्या कानात पत्ता सांगतोय, तसं. पत्ता चुकीचा नसतो, ऐकू येत नाही.

आणि तिसरं म्हणजे सावली. मनोरा म्हणजे लोखंडाची मोठी नळी. तिच्या मागं थोडा पट्टा अंधुक होतो. एकीची सावली किरकोळ, ओळीनं उभ्या असतील तर नाही.

पूर्वी आमच्याकडं एक सोपा उपाय होता: ठरावीक वेगाखालचं काही दाखवूच नकोस, असं रडारला सांगायचं. लढाऊ विमान काय ताशी दीडशेनं येणार नाही. आज हा उपाय गेला. मे २०२५ मध्ये आपल्या पश्चिम सीमेवर जे ड्रोन आले ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. हळू, खालून, लहान. म्हणजे जे गाळून टाकायचं तेच आता शोधायचंय.

उपाय आहेत, पण त्यांना पैसा लागतो. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये शेफर्ड्स फ्लॅट नावाचा ८४५ मेगावॅटचा प्रकल्प आहे, ३३८ यंत्रं. २०१० मध्ये कर्जाची जुळवाजुळव झालेली, यंत्रांची ऑर्डर गेलेली, आणि ऐन वेळी त्यांच्या संरक्षण खात्यानं हरकत घेतली, का तर फॉसिल या गावाजवळच्या जुन्या रडारला त्रास होईल. मोठा गदारोळ झाला. शेवटी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेला बसवलं, रडारमध्ये सुधारणा करून भागतं असं ठरलं, आणि हरकत मागं घेतली. त्यातून शहाणे होऊन अमेरिकेनं संरक्षण खात्यातच एक खिडकी उघडली, जिथं कंपनीनं आधी विचारायचं आणि खात्यानं मुदतीत उत्तर द्यायचं. ब्रिटनमध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर ट्रिमिंगहॅमला टीपीएस-७७ जातीचं नवं त्रिमितीय, म्हणजे उंचीही सांगणारं, रडार बसलं, त्याचा खर्च समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या कंपन्यांनी उचलला. याशिवाय जिथं भोक पडतं तिथं छोटं पूरक रडार लावता येतं. फ्रान्समध्ये पेर्पिन्याँजवळ रडारची लहर शोषणारी पाती बसवलीत, तिथं अडचण हवामान खात्याच्या रडारची होती.

तुला प्रोजेक्टला विषय हवा असेल तर पात्याचा डॉप्लर ठसा आणि ड्रोनच्या पंख्याचा डॉप्लर ठसा वेगळा ओळखणं, हा घे. एआयचं खरं काम तिथं आहे. गाईडला सांग, विषय मी सुचवला. तो नाही म्हणाला तर मला कळव.

माझा थोरला फौजेत आहे. आमच्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलंय की स्वीडन देशानं पवनचक्क्यांवर बंदी घातली, कारण त्या शत्रूच्या फायद्याच्या आहेत. मग आपलं सरकार का बसवतंय? पोरं सीमेवर उभी आणि मागं हा धंदा?
— एक आई, सैनिक टाकळी

मावशी, तुमच्या गावातून पत्र आलं की मी ते आधी उघडतो.

बंदी घातलेली नाही. झालं ते असं: नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वीडनच्या सरकारनं बाल्टिक समुद्रातले १३ प्रस्तावित प्रकल्प एका दमात नाकारले. त्याच दिवशी पश्चिम किनाऱ्यावरच्या एकाला परवानगी दिली, ती सांगायला तुमचा ग्रुप विसरला. बाल्टिकच्या पलीकडं रशियाचं कालिनिनग्राड आहे. त्यांचे संरक्षणमंत्री पोल यॉनसन म्हणाले की एरवी येणाऱ्या क्षेपणास्त्राची चाहूल दोन मिनिटं आधी लागते, पवनचक्क्या उभ्या राहिल्या तर एकच मिनिट मिळेल. क्रूझ क्षेपणास्त्र ताशी नऊशे किलोमीटरनं येतं असं धरा, मिनिटाला १५ किलोमीटर होतात. म्हणजे एक मिनिट गेलं तर तेवढं अंतर हातातून गेलं. भोंगा वाजवायचा, लोकांना खाली उतरवायचं, उलटा मारा करायचा, सगळं त्यात. हे कारण मला पटतं. फिनलंडमध्येही पवनचक्क्या पश्चिमेकडं दाटल्यात आणि रशियाकडच्या पूर्व पट्ट्यात जवळजवळ नाहीत, त्याचं मोठं कारण लष्करी रडारच.

पण त्याच युरोपात ब्रिटननं उत्तर समुद्र पवनचक्क्यांनी भरून टाकलाय, आणि त्यांच्या हवाई दलानं काही डोळे मिटलेले नाहीत. फरक भूगोलाचा आहे आणि पैसे कोण भरतं याचा. शत्रू समुद्राच्या कुठल्या बाजूला, रडार कुठं, आणि मधे काय उभं राहणार, हे बघून उत्तर बदलतं. म्हणून एका देशाचा निर्णय उचलून दुसऱ्याला लावता येत नाही.

आपलंच बघा. कच्छच्या रणात खावड्याला ७२,६०० हेक्टरवर सौर आणि पवन ऊर्जेचा पार्क होतोय, पाकिस्तानच्या सीमेला लागून. तुम्हाला वाटेल सीमेजवळ पवनचक्क्या नकोत, सौर पॅनेल लावा. उलटं केलंय. मूळ आराखड्यात सीमेपासून १ ते ६ किलोमीटरचा पट्टा फक्त पवनचक्क्यांना ठेवला, आणि सौर-पवन अशी मिश्र वस्ती त्याच्या मागं. माझ्या मते त्याचं गणित असं की पवनचक्क्या विरळ असतात, दोन यंत्रांच्या मधून गाडी जाते, जवान जातो, नजर जाते. सौर पॅनेलच्या रांगा म्हणजे कंबरेएवढं रान. आता रडारचा प्रश्न तिथंही राहतोच, पण पायदळाचा प्रश्न आणि हवाई दलाचा प्रश्न नेहमी एकाच दिशेला ओढत नाहीत. हे व्हॉट्सॲपवर येत नाही.

आणि मावशी, उलट्या बाजूचंही सांगतो. रडारचं कारण पुढं करून दुसरंच काही साधणं हेही चालतं. अमेरिकेच्या सरकारनं डिसेंबर २०२५ मध्ये पूर्व किनाऱ्यावर बांधकाम चालू असलेले पाच समुद्री प्रकल्प राष्ट्रीय सुरक्षेचं नाव सांगून थांबवले. रडारवर गोंगाट होतो, हे कारण. अहो, त्या प्रकल्पांची वर्षानुवर्षं तपासणी झाली होती, त्यात संरक्षण खातंही होतं. खांब समुद्रात ठोकून झाल्यावर रडारची आठवण? कंपन्या कोर्टात गेल्या. अशानं नुकसान आमच्यासारख्यांचं होतं. उद्या एखाद्या ठाण्यावरचा फ्लाइट लेफ्टनंट खरोखर म्हणाला की इथं नको, तर लोक म्हणणार, हे नेहमीचंच. म्हणून माझं ठाम मत आहे: लष्करानं नाही म्हणायचं तर जमिनीचा पहिला कागद व्हायच्या आधी म्हणावं, कारणासकट म्हणावं, आणि काय केलं तर हो होईल तेही सांगावं. कंपनीनंही यंत्राची ऑर्डर देऊन मग दिल्लीला धावू नये.

थोरल्याला माझा जयहिंद सांगा.

मी पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. गावात बोललं जातं की वरच्या पठारावरच्या पवनचक्क्यांनी जमीन हादरते आणि कोयनेचे धक्के वाढतात. मुलं विचारतात. विज्ञान काय सांगतं?

गुरुजी, पूर्वी म्हणायचे पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही. पाऊस धो-धो पडला तेव्हा ती गोष्ट बंद झाली, आता ही आलेली दिसते.

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. तेव्हा त्या डोंगरावर एकही पवनचक्की नव्हती. त्या भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञ धरणातल्या पाण्याच्या साठ्याशी आणि खालच्या भेगांशी लावतात. पवनचक्कीच्या थरथरीनं भूकंप होत नाही.

पण थरथर होते, हे मात्र खरं, आणि लष्कराशी तिचा संबंध फार मजेशीर आहे. स्कॉटलंडच्या दक्षिणेला एस्कडेलमूर नावाचं गाव आहे. तिथं १९६२ पासून जमिनीत भूकंपमापकांची एक रांग पुरून ठेवलीय. ती भूकंपासाठी नाही, जगात कुणी चोरून अणुचाचणी केली तर जमिनीतून येणारा तिचा हादरा ऐकण्यासाठी. चाचणीबंदी करारावर लक्ष ठेवायला ब्रिटनचं संरक्षण खातं ती वापरतं. तो मुलूखही वाऱ्याचा. पवनचक्क्या यायला लागल्या तेव्हा अभ्यासात दिसलं की पाती फिरताना मनोरा हलतो, पाया हलतो, आणि अगदी कमी वारंवारतेची कंपनं जमिनीतून कित्येक किलोमीटर जातात. माणसाला त्यातलं काहीही जाणवत नाही. यंत्राला जाणवतं.

मग त्यांनी काय केलं ते मुलांना फळ्यावर लिहून दाखवा. १० किलोमीटरच्या आत एकही पवनचक्की नको. ५० किलोमीटरपर्यंत सगळ्या पवनचक्क्या मिळून जमीन किती हलवू शकतात त्याचं बजेट ठरवलं: ०.३३६ नॅनोमीटर. एक-दोन अणूंच्या जाडीएवढं. हे बजेट जो आधी आला त्याला मिळत गेलं आणि संपलं, मागून आलेल्या कंपन्या वर्षानुवर्षं दारात उभ्या राहिल्या. रेशनच्या दुकानात रॉकेल संपलं की पाटी लागायची ना, तीच गत, फक्त माल अणूच्या मापाचा.

पवनचक्कीची यंत्रं, सुटे भाग चीनमधून येतात म्हणे. लष्करी तळाशेजारी तसलं यंत्र चालतं का?
— एक व्यापारी, लक्ष्मीपुरी

अमेरिकेत चाललं नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी राल्स नावाच्या, चिनी मालकांच्या कंपनीला ओरेगॉनमधल्या चार पवन प्रकल्पांतून हिस्सा काढून घ्यायला लावला, कारण जागा नौदलाच्या सराव क्षेत्राच्या आत आणि आसपास होत्या. पुढं टेक्सासमध्ये लाफलिन या वैमानिक-प्रशिक्षण तळाजवळ चिनी उद्योजकाच्या कंपनीला पवन प्रकल्प करायचा होता, तर २०२१ मध्ये राज्यानं कायदाच करून अशा कंपन्यांना वीजजाळ्याची दारं बंद केली.

आपल्याकडं भर यंत्रातल्या बुद्धीवर आहे. पातं कुठं ओतलं यापेक्षा यंत्र चालू-बंद करायची किल्ली कुठल्या देशातल्या सर्व्हरवर आहे, हे महत्त्वाचं. २०२५ मध्ये केंद्रानं पवन यंत्रांच्या मान्यताप्राप्त यादीचे नियम कडक केले, त्यात महत्त्वाचे भाग यादीतल्याच उत्पादकांकडून घ्यायचे आणि यंत्रांचा डेटा देशातच ठेवायचा ही अट घातली. उशिरा आली, पण बरोबर आली.

रात्री जोतिबाला जाताना लांबच्या डोंगरावर लाल दिवे लुकलुकताना दिसतात. ते विमानांसाठी असतात ना? मग लष्करी विमानांना पवनचक्कीचा धोका कसला?
— एक वाचक, उजळाईवाडी

प्रवासी विमानासाठी ते पुरेसे असतात, ते एवढं खाली येतच नाही. लष्कराचं हेलिकॉप्टर मुद्दाम खालून जातं, डोंगराच्या आडोशानं, रात्री, स्वतःचे दिवे मालवून. वैमानिकाच्या डोळ्यांवर रात्री दिसण्याचे चष्मे असतात. आता गंमत बघा. हे चष्मे मुख्यतः अवरक्त किरण पकडतात. जुना लाल बल्ब तापायचा, त्यातून अवरक्त प्रकाश भरपूर निघायचा, चष्म्यातून झगझगीत दिसायचा. वीज वाचवायला एलईडी आले. एलईडी फक्त लाल रंग देतो, अवरक्त जवळजवळ काहीच नाही. त्यामुळं तुम्हाला जोतिबाच्या रस्त्यावरून दिसणारा दिवा डोक्यावरून चाललेल्या वैमानिकाला दिसत नाही. म्हणून ब्रिटनसारख्या देशांत पवनचक्क्यांवर वेगळे अवरक्त दिवे लावायला सांगतात. ते तुम्हाला दिसणार नाहीत.

याहून वाईट म्हणजे पवनचक्कीच्या आधी येणारा वारामापक खांब. प्रकल्प करायच्या आधी वर्ष-दोन वर्ष वारा मोजायला उंच, बारीक, तारांनी ताणलेला खांब उभा करतात. तो एका दिवसात उभा राहतो, दिवसाही नीट दिसत नाही. अमेरिकेत शेतीवर फवारणी करणाऱ्या वैमानिकांचे त्यानं जीव घेतलेत. तुमच्या शेतात कुणी असा खांब रोवायला आला तर त्याला विचारा, रंग कुठाय, तारांवर गोळे कुठायत, दिवा कुठाय.

आमच्या तीन मजली घराच्या गच्चीवर छोटी पवनचक्की बसवायचा विचार आहे. मलाही संरक्षण खात्याची ना हरकत लागेल का?
— एक वाचक, राजारामपुरी

शेजारीच राहता, घरी यायचं की. गच्चीवरच्या दोन-तीन मीटरच्या पंख्यानं कुठल्याही रडारचं काही बिघडत नाही. विमानतळाजवळ उंचीची मर्यादा असते. त्यासाठी विमानतळ प्राधिकरणाचा रंगीत नकाशा असतो, तो महापालिकेत बघायला मिळतो. पण खर्च करू नका. आपल्या गल्ल्यांत चारी बाजूंनी इमारती, वारा आला तरी घुमत येतो, पंख्याला लागतो तसा सरळ येत नाही. संध्याकाळी गच्चीवरचे कपडे उडवण्यापुरता तो असतो. सोलर बसवा, माझ्या गच्चीवर आहे, या रविवारी दहानंतर बघायला या. नऊपर्यंत मी रंकाळ्यावर असतो.